‘अष्टमांश उरवावा’ म्हणजे किती? वनौषधींच्या शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

घरगुती औषधांच्या वह्यांत, वैद्यांच्या चिठ्ठ्यांवर आणि काष्ठौषधीच्या दुकानात भेटणारे जे शब्द नीट उमगत नाहीत ते कळवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. रोगाचे निदान आणि उपचार हा या सदराचा विषय नाही. शब्दाचा अर्थ चुकल्यामुळे औषध कसे बदलते, एवढेच येथे पाहायचे आहे. मी अनेक वर्षे द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख आणि गुण, हा विषय शिकवला आणि त्या काळात विद्यार्थ्यांच्या ज्या चुका पाहिल्या, त्यांतील बहुतेक वनस्पतींच्या अज्ञानातून नव्हे, तर शब्दांच्या ढिलाईतून झालेल्या होत्या.

प्रश्न (पुणे) : आमच्या वैद्यांनी एका भरडीची पुडी दिली आणि चिठ्ठीवर ‘काढा करून, अष्टमांश उरवून घ्यावा’ असे लिहिले. आम्ही ती भरड कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळून घेत होतो. पुढच्या भेटीत वैद्य म्हणाले, ‘हा काढा नव्हे, हा चहा झाला.’ दोहोंत खरोखरच एवढा फरक आहे का? फांट आणि हिम हे शब्दही ऐकले आहेत, ते काय?

उत्तर : फरक मोठा आहे, आणि आपल्या वैद्यांनी तो सांगितला हे चांगले झाले. ‘काढा’ या शब्दातच त्याची कृती आहे. संस्कृत ‘क्वाथ’ हा शब्द प्राकृतातून मराठीत येताना ‘काढा’ झाला. कढणे, कढत, कढवणे आणि आपल्या जेवणातली कढी ही सारी त्याच कुळातली. म्हणजे जे कढले, आटले, तेच काढा. नुसती उकळी फुटलेले पाणी काढा होत नाही.

तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या शार्ङ्गधरसंहितेत याचे प्रमाण स्पष्ट दिले आहे. कुटलेले औषध एक भाग घ्यावे, त्यात सोळा पट पाणी घालावे आणि मंद आचेवर आटवत त्या पाण्याचा आठवा हिस्सा उरवावा. यालाच अष्टमांश म्हणतात. आजच्या मापात सांगायचे तर 20 ग्रॅम भरडीला 320 मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि आटून 40 मिलिलिटर राहिले की उतरवून गाळायचे. सारी द्रव्ये सारखी कठीण नसल्यामुळे पाण्याचे प्रमाण बदलण्याचीही सोय आहे : मऊ पाल्याला चौपट, मध्यम द्रव्याला आठपट आणि साल, मूळ, लाकूड अशा कठीण द्रव्याला सोळापट पाणी घ्यावे, असा संकेत आहे, अनेक वैद्य आठव्या हिश्श्याऐवजी चतुर्थांश, म्हणजे पाव हिस्सा उरवायला सांगतात. म्हणून चिठ्ठीवर किती पट पाणी आणि कितवा हिस्सा, हे दोन्ही आकडे विचारून घ्यावेत. आपण पाच मिनिटे उकळलेल्या कपात त्या मुळांचा आणि सालींचा फार थोडा अंश उतरला असणार, कारण कठीण द्रव्यातून तो बाहेर यायला वेळ लागतो. भरड जाडसर ठेवण्याचे कारणही येथेच आहे. पीठ करून टाकले तर ते तळाशी बसून करपते आणि गाळताना फडक्यातून उतरत नाही. अखंड मूळ टाकले तर पाणी आतपर्यंत शिरत नाही. जवाएवढे तुकडे राहतील इतकेच कुटावे, म्हणून या भरडीला जुना शब्द ‘यवकूट’ असा आहे. तिची पुडी घरी पुन्हा मिक्सरमधून काढू नये.

फांट म्हणजे आधणाचे पाणी औषधावर ओतून, झाकून ठेवून, मग कुस्करून गाळलेले औषध. येथे पाणी चौपट घेतात आणि ते आटवत नाहीत. आपला रोजचा चहा कृतीने फांटाच्या जवळचा आहे, त्यामुळे आपल्या वैद्यांनी वापरलेला शब्द अगदी नेमका होता. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळलेले औषध, त्याला सहापट पाणी. उन्हाळ्यात धणे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी खडीसाखर घालून घेण्याची पद्धत अनेक घरांत आहे. शास्त्राच्या भाषेत तो धन्याकहिम होय.

कशाचा काढा करावा आणि कशाचा फांट, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तुळस, ओवा, दालचिनी, वेलदोडा यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात बराचसा असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जाते. काढा करताना भांडे उघडे ठेवावे असा जुना नियम आहे. म्हणजे सुगंधी द्रव्य उघड्या भांड्यात अर्धा तास आटवले की स्वयंपाकघरात दरवळ भरपूर होतो आणि पेल्यात थोडेच उरते. अशी द्रव्ये फांटाला किंवा हिमाला योग्य. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचे पेय दिवसातून एक-दोनदा घ्यावे असे सुचवले, तेव्हा घरोघरी ‘काढा’ हा शब्द पुन्हा रुळला. मात्र अनेकांनी तो दिवसभर आटवत ठेवून चार-चार वेळा घेतला आणि मग तोंड आल्याची, छातीत जळजळ होत असल्याची तक्रार केली. मिरी आणि सुंठ आटवून गाढ केली की ती तिखटच होणार.

या तिघांबरोबर स्वरस आणि कल्क ही नावे घेतली की पाच मूळ कृती पूर्ण होतात. ओली वनस्पती कुटून, फडक्यातून पिळून काढलेला रस म्हणजे स्वरस. वाटून केलेला ओला गोळा म्हणजे कल्क, ज्याला घरात आपण सरळ ‘चटणी’ म्हणतो. चरकाने या पाचांचा क्रम स्वरस, कल्क, काढा, हिम, फांट असा लावला असून आधीचे प्रत्येक नंतरच्यापेक्षा बलवान म्हटले आहे. म्हणून ‘तुळशीचा रस चमचाभर’ असे लिहिले असता ‘तुळशीचा चहा कपभर’ घेणे, किंवा त्याच्या उलट करणे, म्हणजे औषधाची मात्राच बदलणे होय.

प्रश्न (सांगली) : अडुळशाची पाने कितीही कुटली तरी रस निघत नाही. आमची आजी पाने तव्यावर गरम करून मग पिळत असे. ती पद्धत चुकीची होती का?

उत्तर : चुकीची मुळीच नव्हती. काही पाने इतकी चिवट किंवा कोरडी असतात की नुसती कुटून ती रस सोडत नाहीत, आणि त्यांच्यासाठी ‘पुटपाक’ ही स्वतंत्र कृती आहे. पाने वाटून त्यांचा गोळा करायचा, तो वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवून माती तांबूस झाली की काढून, आतला गोळा गरम असतानाच पिळायचा. अडुळसा हे पुटपाकाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. आजींचा तवा म्हणजे त्याच कृतीचे घरगुती रूप. अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, हे सांगितले की विद्यार्थ्यांचे या साध्या झुडपाकडे पाहण्याचे डोळे बदलत असत. मात्र हेच द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते, म्हणून गरोदर स्त्रीने अडुळशाचा रस घरच्या घरी घेऊ नये.

प्रश्न (नाशिक) : पणजीच्या वहीत ‘सुंठ तीन मासे, पिंपळी दोन गुंजा, गूळ एक तोळा’ अशी मापे आहेत. त्यांचे ग्रॅम कसे करावेत?

उत्तर : एक तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. तोळ्याचे मासे बारा, म्हणजे एक मासा जवळजवळ 1 ग्रॅमचा. माशाच्या गुंजा आठ, म्हणजे एक गुंज साधारण 0.12 ग्रॅमची. आपल्या पणजींची सुंठ अशा रीतीने सुमारे 3 ग्रॅम, पिंपळी पाव ग्रॅम आणि गूळ पावणेबारा ग्रॅमच्या आत-बाहेर येतो. सुंठ आणि पिंपळी यांत बारापटीचा फरक आहे हे लक्षात घ्या. ‘दोन्ही चिमूटभर’ असे करून चालणार नाही. ग्रंथांतले ‘कर्ष’ हे माप तोळ्याच्या जवळचे असून शासनाच्या आयुर्वेदीय योगसंग्रहात ते 12 ग्रॅम धरले आहे. चार कर्षांचे एक ‘पल’, म्हणजे 48 ग्रॅम. ‘शेर’ मात्र जपून वाचावा. वजनाचा ऐंशी तोळ्यांचा शेर वेगळा आणि दूध-धान्य मोजण्याचा मापी शेर वेगळा, आणि हा दुसरा तर प्रांताप्रांतांत बदलत असे.

वहीत एखाद्या द्रव्यापुढे ‘ओले’ किंवा ‘सुके’ असे लिहिले असेल तर तो शब्द वगळू नका. ओल्या वनस्पतीत पाण्याचा भाग मोठा असल्यामुळे ठरावीक मापाच्या पुढे सुक्याच्या जागी ओले वापरताना ते दुप्पट घ्यावे, असा परिभाषेचा नियम आहे. त्यालाही अपवाद आहेत : गुळवेल, अडुळसा, कुडा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा ही द्रव्ये ओलीच वापरावीत आणि तरीही दुप्पट करू नयेत, असे सांगितले आहे. आले आणि सुंठ हे एकच कंद असले तरी जुन्या वैद्यकाने त्यांना दोन नावे दिली, दोन स्वतंत्र द्रव्ये मानले, ते उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट. ज्या गुंजेवरून हे माप आले ते लाल रंगाचे, काळ्या टिक्क्याचे बी दिसायला फार सुंदर असते आणि जुन्या डब्यांत अजूनही सापडते. ते विषारी आहे. बी फुटून किंवा चावून पोटात गेल्यास जीव धोक्यात येतो. गुंजेचा गोड पाला विड्यात घालतात, त्यामुळे ‘गुंज खाण्याची असते’ असा समज मुलांचा होऊ शकतो. डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

प्रश्न (ठाणे) : सोसायटीच्या कुंपणावरच्या वेलीला शेजारी गुळवेल म्हणतात आणि तिचा काढा घ्यायला सांगतात. दुसरीकडे ‘गुळवेलीने यकृत बिघडते’ अशा बातम्याही वाचल्या. गुळवेल एकच असते की दोन?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, वेल ओळखण्याचा आणि वेल घेण्याचा, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत.

आधी ओळख. आपल्याकडची गुळवेल, संस्कृतातील गुडूची किंवा अमृता, हिंदीतील गिलोय, हिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची एक बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला बरीचशी तशीच असते. दोघींची पाने हृदयाच्या आकाराची असल्याने नुसते पान पाहून ओळख पटत नाही. खोडाकडे पाहावे. गुळवेलीच्या खोडाची पातळ, कागदासारखी साल नखाने सोलली की आत हिरवे खोड दिसते, आडवा छेद घेतला तर त्यात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते आणि चीक दुधाळ नसतो. क्रिस्पाच्या करड्या खोडावर ठसठशीत गाठी-फोड असतात आणि कापल्यावर दुधाळ चीक येतो. फुले आली असतील तर पाकळ्या मोजाव्यात : गुळवेलीच्या सहा, क्रिस्पाच्या तीन. कुंपणावरच्या वेलीत तर या दोघींखेरीज तिसरेच काही असण्याची शक्यताही असते, म्हणून ‘शेजारी म्हणतात’ हा पुरावा पुरेसा मानू नये.

आता बातम्या. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेताना हाच मुद्दा मांडला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती होती हे तपासलेले नाही आणि ती दुसरी जात असू शकते. मात्र 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांमधील डॉक्टरांनी अशा 43 रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि खरी गुळवेलही काही जणांच्या शरीरात आपल्याच यकृतावर उलटणारी प्रतिक्रिया जागवते असे त्यांचे म्हणणे होते. मंत्रालयाने ते मान्य केलेले नाही. माझे मत विचाराल तर, या वादात सारा दोष नावाच्या गोंधळावर ढकलणे मला पटत नाही. गुळवेल मी अनेकांना उपयोगी पडलेली पाहिली आहे आणि म्हणूनच ती जपून वापरली जावी असे मला वाटते. ज्यांना यकृताचा आजार आहे, ज्यांना थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वयंप्रतिकारी (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा) विकार आहे, त्यांनी ती स्वतःहून घेऊच नये. इतरांनीही ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून महिनोन्‌महिने रोज घेण्याचे कारण नाही. लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, भूक मरणे यांपैकी काहीही जाणवले तर वेल बंद करून तत्काळ डॉक्टरांकडे जावे आणि काय घेतले ते न लपवता सांगावे.

एका नावाखाली दोन वनस्पती हा प्रकार गुळवेलीपुरता नाही. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून जी गोल पानांची जमिनीलगत पसरणारी वनस्पती कुंडीत लावतात ती बहुधा मंडूकपर्णी असते. ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून अनेक वैद्य जी धरतात ती नीरब्राह्मी वेगळी, लहान मांसल पानांची, ओलसर जागी वाढणारी. बंगल्यांच्या फाटकाशी सरळसोट उभा असलेला ‘अशोक’ हा खरा अशोक नव्हे, तो आसुपालव. औषधात ज्याची साल वापरतात तो सीतेचा अशोक, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा, आता फार दुर्मीळ झाला आहे आणि त्याच्या सालीत आसुपालवाची साल मिसळली जाते. मुतखड्यावर ‘पाषाणभेद’ सांगितला की अनेक जण अंगणातल्या पानफुटीची पाने खातात. हिमालयातून येणारे पाषाणभेदाचे मूळ ही निराळीच वस्तू आहे. पांढऱ्या कुड्याचे बी ते कडू इंद्रजव आणि काळ्या कुड्याचे बी ते गोड इंद्रजव. दुकानात नुसते ‘इंद्रजव’ मागितले तर कोणते मिळेल याचा भरवसा नाही.

स्थानिक नावे टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही. उलट ती जपली पाहिजेत. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला, त्याच्या चित्रपटांवर वनस्पतींची नावे मल्याळम आणि अरबीबरोबर कोंकणीतही, नागरी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांचा हात होता. नावाच्या शेजारी चित्र होते, म्हणून ते नाव आजही तपासता येते. आपणही घरच्या वहीत वनस्पतीच्या नावापुढे गावात तिला काय म्हणतात, पान-फूल कसे आहे आणि शास्त्रीय नाव काय, एवढे लिहून एक वाळवलेली फांदी चिकटवून ठेवावी.

प्रश्न (जुन्नर) : आमच्याकडे डोंगरात बाळहिरडा गोळा करतात. शहरातल्या दुकानात ‘सुरवारी हिरडा’ मिळतो. ही दोन झाडे का?

उत्तर : झाड एकच. बी धरण्याआधीच गळलेली किंवा झोडलेली कोवळी फळे वाळून काळी, सुरकुतलेली होतात, तो बाळहिरडा. पूर्ण वाढलेले, मोठे, पिवळट तपकिरी फळ म्हणजे सुरवारी हिरडा. त्रिफळ्यात बेहडा आणि आवळकाठी यांच्या जोडीला जो हिरडा जातो तो वाढलेल्या फळाचा, बी काढून घेतलेल्या सालीचा. बाळहिरड्याला बीच नसल्यामुळे तो अख्खा वापरतात, आणि तुपात किंवा एरंडेलात परतून, फुलवून कुटण्याची पद्धत आहे. भीमाशंकर, आंबेगाव आणि आपल्या जुन्नरच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीत या काळ्या सुरकुतल्या फळाचा वाटा किती मोठा असतो, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. ‘ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी’ या अर्थाचे वचन वैद्यांच्या तोंडी नेहमी असते. त्यातली हरीतकी म्हणजे हाच हिरडा.

प्रश्न (अकोला) : आसव आणि अरिष्ट यांत फरक काय? दोन्हींत दारू असते असे म्हणतात, ते खरे का?

उत्तर : औषध न शिजवता, पाण्यात गूळ किंवा मध घालून आंबवले तर आसव, आधी काढा करून तो आंबवला तर अरिष्ट. कुमारीआसवात कोरफडीचा रस असतो, दशमूलारिष्टात दशमुळांचा काढा. आंबण्याची क्रिया सुरू व्हावी म्हणून धायटीची फुले घालतात. आंबताना आपोआप मद्यार्क तयार होतो, तो बाहेरून मिसळलेला नसतो. पण तो असतो, हे खरेच आहे. बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते ते वाचावे. मधुमेह असणाऱ्यांनी त्यातील गुळाचाही विचार करावा, आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना ही औषधे वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

प्रश्न (इंदूर) : माझ्या मुलीला नुकतेच बाळ झाले. आमच्या घरात बाळाला तिसऱ्या आठवड्यापासून गुटी देण्याची रीत आहे. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, आई आग्रह धरते. शिवाय गुटीतले ‘एक वेढा, दोन वेढे’ हे माप नव्या पिढीला कसे समजवावे?

उत्तर : आधी शब्द सांगते. गुटीची द्रव्ये कुटत नाहीत, उगाळतात. सहाणेवर आईच्या दुधाचे किंवा पाण्याचे थेंब घेऊन त्यावर हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, वेखंड, अतिविष, सुंठ, खारीक, बदाम अशी एकेक वस्तू गोल फिरवायची. एकदा पूर्ण गोल फिरवले की तो एक वेढा. हे वजनाचे माप नाही, हाताचे माप आहे. सहाण किती खरखरीत, हात किती जड, वस्तू किती ओलसर, यावर एका वेढ्यात उतरणारे द्रव्य दुप्पट-तिप्पट बदलते. अनुभवी हात जायफळाचा अर्धा वेढा आणि बदामाचे चार वेढे देत असे, कारण जायफळाने झोप अधिक येते हे त्याला ठाऊक होते. ते ज्ञान हातात होते, लिहिलेले कुठेच नव्हते, आणि म्हणूनच ते आज वहीतून वाचून तसेच्या तसे उचलता येत नाही.

आता आपल्या घरातला प्रश्न. मी स्वतः गुटीवर वाढले आहे, माझ्या आईच्या सहाणेचा वास मला आजही आठवतो, आणि तरीही मी आपल्याला स्पष्टपणे सांगते की बालरोगतज्ज्ञांचे ऐकावे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहाण, तिच्यावर राहिलेले कालचे कण, दमट डब्यात बुरशी धरलेले हळकुंड, यांतून जंतू पोटात जाऊ शकतात. गुटी चाटवताना मध घातला जातो, तर एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातील एका जंतूच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. वेखंडाविषयीही सावध राहावे : त्यातील बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने 1968 मध्येच वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई केली आहे. वैद्यकातही वेखंड शोधन करूनच, म्हणजे त्यातील दोष काढूनच, वापरायला सांगितले आहे, म्हणजे त्याची उग्रता आपल्या पूर्वजांनाही माहीत होती.

आपल्या आईंचा आग्रह हा मायेचा आहे आणि ती माया दुखावण्याची गरज नाही. बाळाला तेल लावणे, शेकणे, बाळंतिणीला अळीव-डिंकाचे लाडू करून घालणे, ओव्याची धुरी खोलीत न कोंडता बाळापासून दूर ठेवणे, अशी कितीतरी कामे त्यांच्या अनुभवी हातांसाठी आहेत. सहाण आणि गुटीचा डबा जपून ठेवावा आणि कोणती वस्तू का घालत, किती वेढे देत, हे आईंना विचारून आता तरी लिहून घ्यावे.

प्रश्न (रत्नागिरी) : लेप, पोटीस, चाटण, अनुपान, भावना हे शब्द थोडक्यात सांगाल का? आणि भस्म हे झाडपाल्याचे औषध असते का?

उत्तर : लेप म्हणजे वाटलेले औषध अंगावर पसरून लावणे, तो वाळू लागला की काढावा, वाळून तडकेपर्यंत ठेवू नये, असे शास्त्र सांगते, आणि आपल्याकडे नेमके उलटे केले जाते. पोटीस म्हणजे कणीक, जवस किंवा पाला शिजवून, सोसेल इतके गरम असताना कापडात बांधणे. चाटण म्हणजे मधात, तुपात किंवा पाकात कालवलेले औषध. ग्रंथांतील अवलेह तो हाच, च्यवनप्राश त्यातला सर्वांच्या परिचयाचा. अनुपान म्हणजे ज्याच्या बरोबर औषध घ्यायचे ते : कोमट पाणी, मध, तूप, ताक. चिठ्ठीवर मध लिहिला असता साखरेच्या पाण्याबरोबर घेऊ नये. भावना म्हणजे चूर्णात एखादा रस किंवा काढा घालून ते खलात वाळेपर्यंत घोटणे. ‘आवळ्याच्या सात भावना दिलेले आवळ्याचे चूर्ण’ म्हणजे तोच रस सात वेळा जिरवलेला.

भस्म हे झाडपाल्याचे औषध नव्हे. धातू, खनिजे, शंख, मोती अशा द्रव्यांवर शोधन आणि मारण (भाजून राख करणे) हे संस्कार करून ते तयार होते. वनस्पतींचे रस त्या संस्कारांत वापरले जातात, पण उरते ते खनिज. म्हणून कोणी ‘साधे झाडपाल्याचे आहे’ म्हणत राखाडी किंवा तांबूस पुडी दिली, तर तिच्यात भस्म आहे का, ते कोणत्या उत्पादकाचे, डबीवर परवाना क्रमांक आहे का, हे विचारावे. सुटी, नावाची चिठ्ठी नसलेली पुडी घेऊ नये. गुळवेलीचे ‘सत्त्व’ मात्र खरोखर वनस्पतीचेच : ओली खोडे ठेचून पाण्यात कोळायची, पाणी निवळू द्यायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. दुकानातल्या सत्त्वात अरारूट किंवा बटाट्याचे पीठ मिसळलेले आढळते, आणि दोन्ही पांढरीच असल्यामुळे डोळ्यांनी भेद कळत नाही. ज्याला खात्रीचे सत्त्व हवे त्याने ओळख पटलेल्या वेलीचे घरी काढावे किंवा वैद्यांकडूनच घ्यावे.